मॉरिसटाऊनला स्वातंत्र्ययुद्धाचं म्युझियम बघायला जाताय? आधी हे वाचून घ्या

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले की यादी ठरलेली असते. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, नायगारा, वॉशिंग्टन डीसी, ब्रिजवॉटरचा बालाजी, रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम. पहिल्या दोन महिन्यांत हे सगळं उरकतं आणि मग उरलेल्या वीकेंडना काय दाखवायचं हा यक्षप्रश्न. त्यासाठी मी सगळ्यांना मॉरिसटाऊन सुचवते. पार्सिपनीवाल्यांना पंधरा मिनिटं, एडिसनवाल्यांना पाऊण तास, आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा जो भाग टीव्हीवर कधी दाखवत नाहीत तो तिथं बघायला मिळतो.

पण तिथं जाऊन आलेल्या निम्म्या लोकांचा रिव्ह्यू एकच, "एक जुनं घर आहे, बाकी काही नाही हो". त्यांचं चुकत नाही, त्यांनी खरंच तेवढंच बघितलेलं असतं. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन जिथं राहिला ते घर बघून लोक परत फिरतात आणि सैन्य जिथं राहिलं ती जागा राहूनच जाते, आणि माझं स्पष्ट मत असं की ती दुसरी जागाच खरं म्युझियम आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे तुमचा दिवस फुकट जायचा नाही.

१. ही एक जागा नाही, तुकडे आहेत, हे आधी डोक्यात बसवा

ऑफिशियल नाव मॉरिसटाऊन नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. १९३३ साली झालं, आणि "नॅशनल हिस्टॉरिकल पार्क" हा दर्जा मिळालेलं अमेरिकेतलं हे पहिलंच. पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक गेट आणि एक कुंपण येतं, इथं तसं नाही. तुम्हाला लागणारे भाग असे:

- वॉशिंग्टन्स हेडक्वार्टर्स: म्युझियमची बिल्डिंग आणि त्याच आवारातलं फोर्ड मॅन्शन (वॉशिंग्टन राहिला ते घर), दोन्ही गावातच
- फोर्ट नॉनसेन्स: गावालगतच्या टेकडीवर
- जॉकी हॉलो: गावापासून साधारण पाच मैलांवरचं जंगल, सैन्याची छावणी इथं होती

न्यू जर्सी ब्रिगेडच्या छावणीची आणखी एक जागा आहे पण ती ट्रेल चालणाऱ्यांसाठी, पहिल्या खेपेला सोडून द्या.

यातला ट्रॅप असा की जीपीएसमध्ये नुसतं पार्कचं नाव टाकलं तर ते तुम्हाला यातल्या कुठल्याही तुकड्यावर नेऊन सोडू शकतं. पत्ता टाका. म्युझियमसाठी ३० वॉशिंग्टन प्लेस, मॉरिसटाऊन. जॉकी हॉलोसाठी ५८० टेम्प विक रोड.

आणि अजून एक, इथं लढाई झालेली नाही. रणांगण, तोफा, धारातीर्थ असलं काही बघायला मिळेल या अपेक्षेनं गेलात तर निराश व्हाल. इथं सैन्य थंडीशी आणि रिकाम्या पोटाशी लढत होतं.

२. दिवस ठरवायच्या आधी वेबसाइट बघा, नाही तर कुलूप बघून याल

हे नॅशनल पार्क सर्व्हिसचं आहे म्हणजे फेडरल सरकारचं. म्युझियम आठवड्यातले सगळे दिवस उघडं असेलच असं नाही आणि सीझनप्रमाणे दिवस बदलतात. थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि १ जानेवारीला बंद. वॉशिंग्टनमध्ये बजेटवरून भांडण होऊन फेडरल शटडाऊन लागला तर याचाही भरवसा नाही. सगळ्यात गंमत म्हणजे तुकड्यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, म्हणजे म्युझियम उघडं पण जॉकी हॉलोचं व्हिजिटर सेंटर बंद, किंवा ते उघडं पण तिथलं विक हाऊस (शेतकऱ्याचं जुनं घर) बंद, असं होऊ शकतं. पार्कच्या वेबसाइटवर सध्याची परिस्थिती सांगणारं वेगळं पान असतं ते निघायच्या दिवशी सकाळी बघाच, गूगलवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका.

कुठला सीझन चांगला? ऑक्टोबरमध्ये झाडांचे रंग बघायला गर्दी होते, पण हवा मस्त असते आणि आई-बाबांना चालवतं. उन्हाळ्यात जंगलात दमट उकाडा आणि गोचिडी (त्याबद्दल शेवटी सविस्तर). मला विचाराल तर थंडीतला एखादा कोरडा, उन्हाचा दिवस निवडा, जॅकेट घालून जॉकी हॉलोमधल्या सैनिकांच्या झोपड्यांसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की कुठलाही बोर्ड वाचायची गरज पडत नाही. बर्फ पडला असेल तर मात्र जॉकी हॉलोमधला आतला रस्ता बंद असू शकतो. २०२६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं २५०वं वर्ष असल्यामुळे कार्यक्रम आणि गर्दी दोन्ही जास्त, तेव्हा त्या वर्षी जाणार असाल तर लवकर निघा.

३. तिकीट, पास आणि आई-बाबांची वयाची गोष्ट

म्युझियम आणि फोर्ड मॅन्शनला मिळून माणशी तिकीट आहे, १५ वर्षांपर्यंतची मुलं फुकट. फोर्ट नॉनसेन्स आणि जॉकी हॉलोला तिकीट नाही. तिकिटाचा चालू दर वेबसाइटवर मिळेल.

तुमच्याकडे नॅशनल पार्क्सचा वार्षिक पास, तोच तो "अमेरिका द ब्यूटिफुल" असेल तर तो इथं चालतो, आणि जिथं माणशी तिकीट असतं तिथं त्या एका पासवर पासवाला आणि सोबतचे तीन मोठे जाऊ शकतात. म्हणजे तुम्ही दोघं आणि आई-बाबा एका पासात बसता. पास ज्याच्या नावावर आहे तो माणूस स्वतः हजर पाहिजे आणि त्याचं फोटो आयडी पाहिजे. फोनमधला आयडीचा फोटो कामाचा नाही, खरं कार्ड घेऊन जा.

आता नेहमी होणारा घोळ. ६२ वर्षांवरच्यांना स्वस्तात सीनियर पास मिळतो हे ऐकून लोक काऊंटरवर आई-बाबांचे पासपोर्ट पुढे करतात. तो पास फक्त अमेरिकन सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो, टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांना नाही, वय ८० असलं तरी नाही. वार्षिक पासचे दरसुद्धा आता इथं राहणाऱ्यांना वेगळे आणि बाहेरून आलेल्यांना वेगळे झालेत, त्यामुळे पास आई-बाबांच्या नावावर घेण्यात काही अर्थ नाही, तुमच्या नावावर घ्या. आणि फक्त मॉरिसटाऊनसाठी पास काढू नका, साधं तिकीट स्वस्त पडतं. वर्षात एक-दोन मोठी पार्क्स करणार असाल तरच पास वसूल होतो. घरात चौथीतलं पोरगं असेल तर मात्र त्याच्यासाठीचा फुकटचा पास ऑनलाइन काढून प्रिंट करून न्या, त्याच्यासोबत मोठेही जातात आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सोबत काय घ्यायचं:

- फोटो आयडी, पास असेल तर पास, आणि कार्ड (नुसत्या रोख पैशांवर जाऊ नका)
- बंद बूट, लांब पँट आणि लांब मोजे, साडी नेसणाऱ्या आईंना एक दिवस सलवार-कमीज घालायला पटवा
- पाण्याच्या बाटल्या, गोचिडींसाठीचा स्प्रे
- जॉकी हॉलोचा डाऊनलोड केलेला मॅप, जंगलात फोनचं नेटवर्क कधी येतं कधी जातं
- पोरं असतील तर पेन्सिल (का ते पुढे)
- डबा. म्युझियममध्ये कॅन्टीन नाही

४. पोचायचं कसं

कारने एकदम सोपं, २८७ हायवे पकडा आणि एक्झिट ३६ घ्या. पार्किंग म्युझियमपाशीच आहे.

ट्रेनने जायचं तर न्यू जर्सी ट्रान्झिटची मॉरिस अँड एसेक्स लाइन, न्यू यॉर्क पेन स्टेशनवरून मॉरिसटाऊन साधारण सव्वा तास. एडिसन, मेटुचेन, प्रिन्सटनकडच्यांनी आपली नेहमीची लाइन पकडून सिकॉकस जंक्शनला गाडी बदलायची. मॉरिसटाऊन स्टेशनवरून म्युझियम चालत जाण्यासारखं आहे. पण जॉकी हॉलोला बस जात नाही, ट्रेनने आलात तर तिथून पुढे टॅक्सी, आणि येताना जंगलातून टॅक्सी मिळायची मारामार. म्हणून ट्रेनने गेलात तर गावातला भागच होईल हे धरून चाला, आणि आई-बाबा बरोबर असतील तर कारच काढा.

५. कारमध्येच गोष्ट सांगून टाका

ही स्टेप कुठल्याच गाइडमध्ये नसते, पण माझ्या मते सगळ्यात कामाची हीच. रेंजर लोक चांगलं सांगतात पण भरभर सांगतात, आणि त्यांनी धरलेलं असतं की ऐकणाऱ्यानं हे सगळं शाळेत वाचलंय. आपल्या आई-बाबांनी शाळेत शिवाजी महाराज, पेशवाई आणि १८५७ वाचलेलं असतं. मग ते मान डोलवत उभे राहतात आणि बाहेर आल्यावर विचारतात, "पण हे लढत कोणाशी होते?" तेव्हा २८७वर ट्रॅफिकमध्ये अडकलात की सुरू करा.

१७७५ला अमेरिकेतल्या वसाहती आणि त्यांच्यावर राज्य करणारे इंग्रज यांच्यात युद्ध पेटलं, जुलै १७७६ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, आणि लगेच त्याच उन्हाळ्याच्या शेवटी इंग्रजांनी न्यू यॉर्क घेतलं. वॉशिंग्टनचं सैन्य न्यू जर्सीतून मागे हटत गेलं आणि पाठलागावर कोण, तर लॉर्ड कॉर्नवॉलिस. हो, तोच. १७८१ला यॉर्कटाऊनला शरण गेलेला हा माणूस १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, टिपूवरच्या मोहिमेत १७९२ला श्रीरंगपट्टणला त्याच्या बाजूने मराठ्यांचं सैन्य घेऊन हरिपंत फडके उभे होते, आणि मेला तो गाझीपूरला. एवढं सांगितलं की मागच्या सीटवरचे बाबा सरसावून बसतात, हे नक्की.

पुढे १७७६च्या ख्रिसमसच्या रात्री वॉशिंग्टनने डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर छापा घातला, जानेवारीच्या सुरुवातीला प्रिन्सटन मारलं आणि तिथून थेट मॉरिसटाऊन गाठलं. मॉरिसटाऊनच का? न्यू यॉर्क इथून जेमतेम तीस मैल, म्हणजे इंग्रजांवर नजर ठेवता येते, आणि मधे वॉचुंगच्या डोंगरांच्या रांगा आडव्या, म्हणजे इंग्रज सहज चालून येऊ शकत नाहीत. शिवाय आजूबाजूला लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या, शेती, आणि फोर्ड कुटुंबाचा बारुदाचा कारखाना. घाटाआड राहून खालच्या मुलखावर लक्ष ठेवायचं, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

असे दोन हिवाळे इथं झाले. पहिला १७७७चा, दुसरा १७७९-८०चा. म्युझियममध्ये या दोघांची गल्लत होते, कारण मधला व्हॅली फोर्जचा हिवाळा (१७७७-७८, तो पेन्सिल्व्हेनियात) सगळ्यांना माहीत असतो आणि डोकं तिकडे जातं. पोरांकडून हे तीन हिवाळे क्रमाने पाठ करून घ्या, अर्धं काम झालं.

आणि त्याच वेळी पुण्यात काय चाललं होतं? पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, तेही १७७५लाच सुरू. जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रजांची कोंडी करून त्यांना तह करायला लावला, आणि वॉशिंग्टन मॉरिसटाऊनला बर्फात अडकला होता तेव्हा, फेब्रुवारी १७८०मध्ये, इंग्रज सेनानी गॉडार्डने अहमदाबाद घेतलं. सालबाईचा तह १७८२चा. फ्रेंच इकडे अमेरिकेच्या बाजूने उतरत होते आणि तिकडे १७७७मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुणे दरबारात बोलणी करत होता, त्यावरून इंग्रज चांगलेच अस्वस्थ झाले होते. म्युझियममधल्या कुठल्याही बोर्डवर हे लिहिलेलं नाही, आपलं आपणच जोडून घ्यायचं.

६. म्युझियम

आधी काऊंटरवर जाऊन फोर्ड मॅन्शनच्या टूरची वेळ विचारा आणि नाव लावा, मग बाकी सगळं. मॅन्शनमध्ये आपलं आपण हिंडता येत नाही, रेंजर घेऊन जातो, दिवसात ठरावीक टूर असतात आणि एका वेळी ठरावीक माणसं. लोक आधी म्युझियम निवांत बघत बसतात, मग काऊंटरवर येतात आणि पुढच्या टूरसाठी ताटकळतात.

पोरांसाठी ज्युनिअर रेंजरचं पुस्तक मागून घ्या. ते सोडवलं की शेवटी रेंजर हात वर करायला लावून शपथ देतो आणि बॅज देतो, आणि त्या बॅजसाठी पोरं एरवी ढुंकून बघणार नाहीत ते बोर्ड अथपासून इतिपर्यंत वाचतात.

ही बिल्डिंग १९३०च्या दशकातली, जॉन रसेल पोपने डिझाइन केलेली, वॉशिंग्टन डीसीतलं जेफरसन मेमोरियल ज्याचं तोच. आत शस्त्रं, गणवेश, कागदपत्रं, रोजच्या वापरातल्या वस्तू. सगळं बघायला जाऊ नका, आई-बाबांचे पाय मॅन्शनसाठी आणि जंगलासाठी राखून ठेवा. एक मात्र आवर्जून विचारा, फर्ग्युसन रायफल. यांच्या संग्रहात ती आहे आणि जगात तशा फार थोड्या उरल्यात. त्या काळातल्या बंदुका तोंडाकडून भरायच्या, म्हणजे उभं राहून दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा. पॅट्रिक फर्ग्युसन या इंग्रज अधिकाऱ्याने १७७६ला पेटंट घेतलेली ही रायफल मागच्या बाजूने भरायची, घोड्याखालची कडी फिरवली की भोक उघडतं, त्यामुळे आडवं पडूनही भरता येते. डोकं चालवलेलं काम, पण बनवायला महाग म्हणून थोड्याच झाल्या, आणि फर्ग्युसन स्वतः १७८०च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज माउंटनच्या लढाईत मारला गेला.

१७७७च्या हिवाळ्यासाठी देवीच्या साथीची माहिती शोधा. शत्रूच्या गोळीपेक्षा देवीने जास्त माणसं मरत होती, म्हणून फेब्रुवारी १७७७मध्ये वॉशिंग्टनने सैन्याला टोचायचा हुकूम काढला. टोचायचं म्हणजे आजच्यासारखी लस नव्हे, ती पुढे १७९६ला आली. देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू घ्यायचा, धडधाकट माणसाच्या दंडावर चीर देऊन त्यात भरायचा, त्याला सौम्य देवी येऊ द्यायच्या आणि तो बरा होईपर्यंत बाजूला ठेवायचा. अख्खं सैन्य असं पाळीपाळीने आजारी पाडायचं, तेही इंग्रज तीस मैलांवर असताना आणि त्यांना पत्ता लागू न देता. या युद्धातला हा त्याचा सगळ्यात धाडसी निर्णय असं मला वाटतं, डेलावेअर ओलांडण्यापेक्षाही.

बाथरूम इथंच उरकून घ्या, मॅन्शनमध्ये सोय नाही.

७. फोर्ड मॅन्शन

म्युझियमच्या मागून हिरवळीवरून दोन मिनिटं चालत. पांढरं, दुमजली, १७७४च्या सुमाराला पूर्ण झालेलं घर, कर्नल जेकब फोर्ड ज्युनिअरने बांधलेलं. तो जानेवारी १७७७मध्ये आजारपणात गेला. त्यामुळे डिसेंबर १७७९मध्ये वॉशिंग्टन राहायला आला तेव्हा घरात विधवा थिओडोसिया फोर्ड आणि चार मुलं. तिने दोन खोल्या स्वतःकडे ठेवल्या आणि बाकीचं घर सरसेनापतीला दिलं. पुढे मार्था वॉशिंग्टनही येऊन राहिली, अलेक्झांडर हॅमिल्टनसारखे मदतनीस वर दाटीवाटीने, नोकर-चाकर वेगळे.

टूरमध्ये लोक दिवाणखान्यातल्या फर्निचरचे फोटो काढत बसतात, तुम्ही स्वयंपाकघरात पोचलात की नीट लक्ष द्या. तिथं मोठी उघडी चूल आहे. जानेवारी १७८०मध्ये वॉशिंग्टनने पत्र लिहून तक्रार केली की माझ्याकडची अठरा माणसं आणि मिसेस फोर्डची सगळी माणसं एकाच स्वयंपाकघरात कोंबलेली आहेत आणि सर्दीने एकालाही धड बोलता येत नाहीये. सरसेनापती असलेला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस, आणि तक्रार कशाची तर घरात स्वयंपाकाला जागा नाही याची! मग बाजूला लाकडी ओंडक्यांचं वेगळं स्वयंपाकघर आणि ऑफिस बांधलं. आमच्या सासूबाईंना अख्ख्या टूरमध्ये लक्षात राहिलं ते थिओडोसियाचं, "चार लेकरं घेऊन त्या बाईनं सहा महिने एवढं खटलं सांभाळलं" म्हणून.

याच घरात एप्रिल १७८०मध्ये स्पेनचा प्रतिनिधी डॉन हुआन दे मिरालेस आजारी पडून वारला, आणि मे महिन्यात वॉशिंग्टनच्या सैन्यातला फ्रेंच अधिकारी लाफायेत फ्रान्सहून बातमी घेऊन इथंच आला की फ्रेंच जहाजं आणि सैन्य निघालंय.

वरच्या मजल्याला जुना जिना आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी रेंजरला आधीच सांगावं आणि खालीच थांबावं, कोणी काही म्हणत नाही. फोटोला फ्लॅश वापरू नका, वस्तूंना आणि गादीला हात लावू नका (लहान पोरांचा हात धरून ठेवा, दोऱ्या असतात पण पोरं दोऱ्यांखालून जातात).

८. गावातलं पटकन, मग जेवण

फोर्ट नॉनसेन्सला कारने पाच-दहा मिनिटं. तिथं किल्ला नाही, हे आधीच सांगते, नाही तर सिंहगड-पुरंदर बघितलेली माणसं खवळतात. १७७७चं मातीच्या बांधाचं ठाणं होतं, आता खुणा आणि बोर्ड. सैनिक रिकामे बसू नयेत म्हणून वॉशिंग्टनने उगाच खोदकाम करायला लावलं अशी एक गोष्ट सांगतात, तीवर फार विश्वास ठेवू नका, रसद आणि गाव राखायला ते बांधलं होतं. हवा स्वच्छ असेल तर लांबवर न्यू यॉर्कच्या इमारती दिसतात, आणि हीच नजर वॉशिंग्टनला हवी होती.

गावाच्या मधोमध मॉरिसटाऊन ग्रीन आहे, तिथं वॉशिंग्टन, लाफायेत आणि हॅमिल्टन गप्पा मारताहेत असे पुतळे, फोटोसाठी एक नंबर. १७७७ला वॉशिंग्टन जिथं उतरला ती अर्नोल्ड्स टॅव्हर्न याच चौकात होती, आता फक्त पाटी. पुढे इंग्रजांना जाऊन मिळालेला अमेरिकन जनरल, देशद्रोही बेनेडिक्ट अर्नोल्ड, याच्याशी तिचा काही संबंध नाही, पण त्याचं कोर्ट मार्शल याच गावातल्या दुसऱ्या एका टॅव्हर्नमध्ये १७७९-८०च्या हिवाळ्यात चाललं, त्यामुळे लोक हमखास गोंधळतात.

जेवायला ग्रीनच्या आसपास भरपूर ठिकाणं आहेत. डबा आणला असेल तर जॉकी हॉलोला लागूनच लुइस मॉरिस काउंटी पार्क आहे, तिथं पिकनिकची सोय आहे, पोळी-भाजी तिथं सोडा.

९. जॉकी हॉलो: ही चुकवलीत तर आलात कशाला

दुपारी दोनच्या आत पोचा, संध्याकाळी गेट बंद होतं आणि हिवाळ्यात लवकर अंधारतं. आधी व्हिजिटर सेंटर, तिथून चालत विक हाऊस, मग कारने आतल्या रस्त्याने सैनिकांच्या झोपड्या. आतला रस्ता वन वे आहे, फाटा चुकलात तर पूर्ण फेरी मारून यावं लागतं.

विक हाऊस हे शेतकऱ्याचं घर, त्या हिवाळ्यात जनरल सेंट क्लेअर इथं राहिला. इथली गाजलेली गोष्ट टेम्प विक या मुलीची, सैनिक घोडा हिसकावायला आले तेव्हा तिने म्हणे घोडा थेट बेडरूममध्ये लपवला. ती खोली बघा, घोडा तिथं वळेल का हे तुम्हीच ठरवा. दंतकथा आहे, पण पोरांना जंगलात चालवायला उपयोगी पडते.

झोपड्या टेकडीच्या उतारावर आहेत, मूळच्या नाहीत, नंतर उभारलेल्या प्रतिकृती. आत जाऊन उभे रहा. साधारण चौदा फूट बाय सोळा फूट, ओंडके एकमेकांवर रचलेले, फटीत माती, एका टोकाला चूल, भिंतीला लाकडी फळ्यांचे मजले. एका झोपडीत बारा जण. तुमच्या अपार्टमेंटच्या बेडरूमपेक्षा थोडीशी मोठी जागा, त्यात बारा दणकट माणसं, ओले कपडे आणि धूर. अशा हजारावर झोपड्या त्यांनी स्वतःच जंगल तोडून बांधल्या, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत बर्फात तंबूत किंवा उघड्यावर झोपले. सैन्य दहा हजारांच्या वर. त्या हिवाळ्यात २८ वेळा बर्फ पडला, न्यू यॉर्कचं बंदर गोठलं, इतकं की इंग्रजांनी बर्फावरून तोफा नेल्या. रस्ते बुजल्यामुळे रसद बंद. काँग्रेसच्या (म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन सरकारच्या) नोटांना कोणी विचारेना, त्यामुळे शेतकरी धान्य विकेनात. सैनिकांनी झाडाची साल चावली, जुने बूट भाजून खाल्ले, असं त्यातल्याच एकाने पुढे लिहून ठेवलंय. शेवटी जानेवारीत वॉशिंग्टनने न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीला किती गुरं आणि किती धान्य द्यायचं ते ठरवून दिलं, नाही दिलं तर सैन्य उचलून नेईल अशी तंबी देऊन, आणि लोकांनी दिलं. म्हणून ते वाचले.

इथं आमचे बाबा बराच वेळ गप्प होते आणि मग एकच म्हणाले, "पानिपत". बरोबरच आहे. भाऊसाहेबांची छावणीही अशीच थंडीत, रसद तुटलेली, उपाशी. फरक एवढाच की मॉरिसटाऊनच्या मागे धान्य देऊ शकणारा मुलूख शिल्लक होता आणि पानिपतात चारही वाटा बंद झाल्या होत्या. तुमच्याबरोबर इतिहासवेडं कोणी असेल तर या विषयावर परतीचा अख्खा प्रवास निघतो.

आणि व्हॅली फोर्जशी तुलना निघतेच. तिथं साधारण २००० सैनिक मेले, इथं थंडी कितीतरी जास्त असून त्या मानाने फारच कमी. छावणी कशी मांडायची हे तोवर शिकले होते, देवी टोचून झाल्या होत्या. मेलेल्यांचा आकडा कमी म्हणून पुस्तकांत जागाही कमी मिळाली, हे मात्र मला पटत नाही.

वेळ असेल तर पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणींच्या बंडाचा बोर्ड वाचा. १ जानेवारी १७८१, पगार नाही, मुदत संपली तरी सोडत नाहीत, म्हणून ते शस्त्रं घेऊन फिलाडेल्फियाकडे चालू लागले. इंग्रजांनी लगेच माणसं पाठवली, आमच्याकडे या, पैसे देतो. बंडखोरांनी त्या हेरांना पकडून अमेरिकन अधिकाऱ्यांच्याच ताब्यात दिलं. भांडण पगाराचं होतं.

ट्रेल भरपूर आहेत पण आई-बाबांबरोबर पक्का रस्ता आणि झोपड्यांचा उतार एवढंच करा. काळी अस्वलं या भागात असतात, डब्यातलं खाणं उघडं टाकू नका. ड्रोन नेऊ नका, नॅशनल पार्कमध्ये बंदी आहे.

१०. घरी आल्यावर गोचिडी तपासा

हे गमतीवारी नेऊ नका. न्यू जर्सीत लाइम डिसीज (गोचीड चावल्याने होणारा आजार) भरपूर आहे आणि इथं हरणं आहेत म्हणजे गोचिडी आहेतच, तिळाएवढ्या, त्याहूनही बारीक. भारतातून आलेल्यांना गुरांच्या अंगावरची गोचीड माहीत असते त्यामुळे ते एवढ्याशा ठिपक्याकडे बघतही नाहीत. गवतात बसू नका, पायवाटेच्या मधून चाला, पँट मोज्यात खोचा, दिसायला वाईट दिसलं तरी चालेल.

घरी आल्या आल्या कपडे काढून ड्रायरमध्ये हाय हीटवर दहा मिनिटं फिरवा, धुणं नंतर. मग आंघोळ, आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, कानामागे, केसांत बघा, पोरांचं तुम्ही बघा, आई-बाबांना एकमेकांचं बघायला सांगा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढा, तेल-रॉकेल लावत बसू नका, काडीने चटका देऊ नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा वाढत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरला "जंगलात गेलो होतो, गोचीड चावली होती" हे सांगा, आणि पाहुण्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स कुठल्या क्लिनिकमध्ये चालतो ते निघायच्या आधीच बघून ठेवा.